सोळा ते चोवीस : कर्करोगाचे उपचार कोणत्या विभागात घ्यावेत?

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच वयाभोवतीची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. दहावी-बारावीपासून पहिल्या नोकरीपर्यंतच्या वयात कर्करोग झाला, की त्या मुलाला रुग्णालयात हक्काची जागा सापडत नाही. बालविभागाची वयोमर्यादा कुठे १२, कुठे १५, तर कुठे १८ वर्षे असते. ती ओलांडलेला मुलगा साठी उलटलेल्या रुग्णांच्या शेजारच्या खाटेवर येतो. माझ्या मते ही केवळ गैरसोय नाही, उपचाराच्या परिणामावर तिचा थेट प्रभाव पडतो. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : माझा पुतण्या १६ वर्षे ८ महिन्यांचा असून अकरावीत आहे. तीन आठवडे ताप हटला नाही, हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि तपासणीत तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग निघाला. एका रुग्णालयाच्या बालविभागाने वय जास्त असल्याचे सांगून प्रौढ विभागात पाठवले. दुसऱ्या ठिकाणचे डॉक्टर म्हणतात, की याला लहान मुलांच्या पद्धतीनेच औषधे द्यायला हवीत. दोघेही अनुभवी आहेत. आम्ही कोणाचे ऐकावे? (एक काका, लातूर जिल्हा)

उत्तर : काका, खाट कोणत्या विभागात मिळते यापेक्षा औषधांची आखणी कोणत्या पद्धतीची आहे, हा प्रश्न आधी विचारा. त्या बाबतीत दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे.

अमेरिकेत १९८८ ते २००१ या काळात याच आजाराचे उपचार घेतलेल्या १६ ते २० वर्षांच्या ३२१ रुग्णांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. आजार तोच, वय तेच. फरक इतकाच, की काही जण बालरोगतज्ज्ञांच्या गटाकडे गेले आणि काही प्रौढांच्या. सात वर्षांनंतर पहिल्या गटातील ६७ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातील ४६ टक्के. मुलाला कोणत्या दारातून आत नेले गेले, एवढ्या योगायोगाने पडलेले हे अंतर वाचून माझ्या पिढीतील अनेक डॉक्टर अस्वस्थ झाले होते. त्यानंतर प्रौढ विभागांनीही तरुण रुग्णांसाठी बालरोग पद्धतीवर बेतलेली आखणी स्वीकारली, त्यामुळे आज प्रौढ विभागात दाखल होणे म्हणजे चुकीचे उपचार, असे मुळीच नाही. मात्र आपल्या रुग्णालयात कोणती आखणी वापरली जाते, हे विचारून घ्यावेच लागते.

या आखणीत व्हिन्क्रिस्टिन, स्टेरॉइड आणि अ‍ॅस्परॅजिनेज ही औषधे अधिक प्रमाणात असतात, मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात आजार लपू नये म्हणून कण्यातून द्यायची इंजेक्शने लवकर सुरू होतात आणि वेळापत्रक सहसा ढळू दिले जात नाही. एकूण उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतात. ही आखणी मोठ्या मुलांना लहानांपेक्षा जड जाते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. स्वादुपिंडाला सूज येणे, रक्ताच्या गुठळ्या होणे, यकृतावर ताण येणे हे त्रास या वयात जास्त दिसतात. स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडण्याचा धोका तर किशोरवयातच सर्वाधिक असतो. पुतण्या मांडीच्या सांध्यात दुखते म्हणाला, तर ‘फार झोपून राहिल्यामुळे असेल’ असे समजून गप्प बसू नका. सुरुवातीलाच फिलाडेल्फिया क्रोमोसोमची (कर्करोगाच्या पेशींतील एका जनुकीय बदलाची) तपासणी झाली आहे का, हेही विचारा. ती सकारात्मक आली तर इमॅटिनिबसारखी गोळी जोडली जाते आणि उपचाराची दिशाच बदलते.

आणखी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी मनावर घ्यावी. शेवटच्या दीड-दोन वर्षांत मूल घरी असते, केस परत येतात, कॉलेज सुरू होते, आणि रोज रात्रीची मर्कॅप्टोप्युरिनची गोळी हाच मुख्य उपचार उरतो. आठ वर्षांच्या मुलाला आई गोळी भरवते. अठरा वर्षांच्या मुलाला ‘घेतलीस का’ एवढेच विचारले जाते आणि तो ‘हो’ म्हणतो. ठरलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून कमी घेतल्या गेल्या, तर आजार उलटण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. महिन्याला दोन गोळ्या चुकल्या तरी आपण त्या रेषेखाली जातो. त्याच्यावर पाळत ठेवू नका, पण गोळी सर्वांच्या देखत, जेवणाच्या पानावरच घेतली जाईल अशी रीत घरात पाडा.

मुंबईला जायचे ठरल्यास परळचे टाटा स्मारक रुग्णालय आणि खारघरचे त्याचे केंद्र हे पर्याय आहेतच, पण सगळे उपचार तिथेच घ्यावे लागतील असे नाही. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय तुम्हाला तुलनेने जवळचे आहे. आखणी मोठ्या केंद्रात ठरवून पुढची काही औषधे जवळच्या केंद्रात घेता येतील का, हे दोन्हीकडच्या डॉक्टरांना विचारावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत आहे का, याची खात्री तिथल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून करून घ्या. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर आणि थ्री-टायर एसीचे भाडे पूर्ण माफ असते, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन येथे चौकशी करा.

गावी असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला, तर सकाळची वाट पाहू नका. रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना प्रतिजैविक तासाभरात शिरेतून सुरू व्हावे लागते. तसे लिहिलेले डॉक्टरांचे पत्र आधीच मागून ते फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा, म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता सगळे पहिल्यापासून समजावत बसावे लागणार नाही.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे. मानेत गाठ आली होती, आता हॉजकिन लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) असल्याचे कळले. मला हे फाइलवर वाचून कळले, कारण डॉक्टर बाबांना बाहेर बोलावून बोलतात आणि रिपोर्ट मोठ्या काकांच्या फोनवर येतात. पुढच्या आठवड्यात केमोथेरपी सुरू होणार आहे. घरात मात्र ‘हिचे लग्न व्हायचे आहे, कुठे बोलू नका’ एवढाच विषय चालतो. मला पुढे मूल होईल का, हे मी कोणाला विचारू? (कोल्हापूर)

उत्तर : तू हा प्रश्न केमोथेरपी सुरू होण्याआधी विचारलास, याचे मला फार बरे वाटले. बहुतेकदा तो उपचार संपल्यावर येतो आणि तेव्हा हाती फारसे उरलेले नसते.

आधी तुझ्या हक्काबद्दल. १८ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीची संमती तिची स्वतःची असते. संमतिपत्रावर तुझी सही लागते, तेव्हा ज्यावर सही करायची ते समजून घेण्याचा अधिकारही तुझाच आहे. पुढच्या भेटीत बाबांना सोबत घे, पण डॉक्टरांना सांग, की जे सांगायचे ते माझ्यासमोर सांगा आणि शेवटची दहा मिनिटे मला एकटीशी बोला. बाबा तुला वगळतात ते मायेपोटी, हे मी जाणतो. पण न सांगितल्याने तुझी भीती कमी झालेली नाही. ती तू एकटी सोसते आहेस, हे त्यांना कळायला हवे. हे पान त्यांना वाचायला दिलेस तरी चालेल.

हॉजकिन लिम्फोमा हा या वयातील सर्वांत चांगल्या रीतीने बऱ्या होणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. म्हणूनच उपचारानंतरच्या पन्नास-साठ वर्षांचा विचार आजच करायचा असतो. तुला कोणती औषधे मिळणार आहेत, ते विचार. डॉक्सोरुबिसिन, ब्लिओमायसिन, व्हिनब्लास्टिन आणि डॅकार्बाझिन या चार औषधांच्या नेहमीच्या आखणीत बीजकोशांना होणारा धोका कमी असतो आणि त्यानंतर अनेक स्त्रियांना नैसर्गिकपणे मुले झाली आहेत. आजार पुढच्या टप्प्याचा असल्यास सायक्लोफॉस्फामाइड व प्रोकार्बाझिन असलेली तीव्र आखणी निवडली जाऊ शकते. त्यात धोका बराच वाढतो. पोटाच्या खालच्या भागावर किरणोपचार होणार असतील तर तेही विचारात घ्यावे लागते.

स्त्रीबीजे काढून गोठवून ठेवण्यास साधारण दोन आठवडे लागतात. तेवढा वेळ थांबणे तुझ्या आजारात सुरक्षित आहे का, याचे उत्तर तुझे रिपोर्ट पाहणारे कर्करोगतज्ज्ञच देऊ शकतील. छातीतील मोठ्या गाठीमुळे श्वासाचा त्रास असेल तर थांबता येत नाही. अशा वेळी दुर्बिणीतून बीजकोशाचा काही भाग काढून गोठवण्याचा पर्याय काही मोठ्या केंद्रांत असतो. बीजकोशांना विश्रांती देणारे इंजेक्शनही दिले जाते, पण ते बीजे गोठवण्याला पर्याय मानू नये. खर्च बराच असतो आणि दरवर्षी साठवणुकीचे शुल्क असते, तेव्हा तो आकडा आधी विचारून घ्यावा. निर्णय ‘नको’ असा झाला तरी हरकत नाही. तो तुझ्याशी बोलून झालेला असावा, एवढेच महत्त्वाचे.

मुलांच्या पालकांसाठी इथेच लिहितो. वयात आलेल्या मुलाचे वीर्य गोठवणे एक-दोन दिवसांचे, तुलनेने स्वस्त आणि सोपे काम आहे. तरीही आपल्याकडे अनेकदा ते राहून जाते, कारण सोळा वर्षांच्या मुलासमोर हा विषय काढायला आई संकोचते, बाबा विषय बदलतात आणि डॉक्टर घाईत असतात. मुलाला एकट्याला बसवून, शक्यतो पुरुष डॉक्टर किंवा समुपदेशकाने शांतपणे सांगितले, तर मुले हे फार समजूतदारपणे घेतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमचा मुलगा २० वर्षांचा असून इंग्लंडमध्ये शिकतो. अंडकोशातील गाठीची शस्त्रक्रिया होऊन तो कर्करोग निघाला आणि केमोथेरपीची तीन आवर्तने सुचवली आहेत. त्याला किशोर-तरुणांच्या विशेष विभागात जायचे की जवळच्या रुग्णालयाच्या नेहमीच्या विभागात, हे निवडायला सांगितले आहे. त्याला पुण्यालाच आणावे असे आजीचे म्हणणे आहे. शिवाय तिथल्या डॉक्टरांना आम्ही फोन केला, तर ते काही सांगायला तयार नाहीत. (आई-वडील, पुणे)

उत्तर : त्याला तिथेच उपचार घेऊ द्यावेत, असे मला वाटते. पसरलेला असला तरी हा कर्करोग बहुतेक रुग्णांत पूर्ण बरा होतो, आणि त्यात वेळेला महत्त्व आहे. आवर्तने तीन आठवड्यांच्या ठरल्या अंतराने द्यावी लागतात. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेल्या विद्यार्थ्याला तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचे उपचार मिळतात.

तुम्हाला विचारलेली निवड तिथल्या व्यवस्थेचा भाग आहे. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात १९९० मध्ये टीनएज कॅन्सर ट्रस्ट या संस्थेच्या पुढाकाराने किशोरांसाठी पहिला स्वतंत्र विभाग सुरू झाला. २००५ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या आणि त्यानुसार तरुणांसाठीची मुख्य केंद्रे ठरली. १६ ते १८ वर्षांच्या रुग्णांवर तिथे मुख्य केंद्रातच उपचार व्हावेत, आणि १९ ते २४ वर्षांच्या रुग्णांना मुख्य केंद्र किंवा नेमून दिलेले जवळचे रुग्णालय यांतून निवड करता यावी, अशी रीत आहे.

या विभागांत मित्रांसोबत बसायची जागा असते, स्वतः काही करून खाण्यासाठी स्वयंपाकाची सोय असते, भेटीच्या वेळा सैल असतात, आणि तरुणांशी मैत्रीने वागून त्यांना एकत्र आणणारा एक खास कर्मचारी असतो. या सोयी पाहून पुष्कळांना हे चोचले वाटतात, पण मला तसे वाटत नाही. आपल्याच वयाचा, टक्कल पडलेला, उलट्या होऊन गेलेला आणि आता परीक्षेची चौकशी करणारा मुलगा समोर दिसणे, हा धीर डॉक्टरांना देता येत नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे रुग्णाचा विचार दोन बैठकांत होतो : एकीत त्या अवयवाच्या कर्करोगाचे तज्ज्ञ असतात, दुसरीत त्या वयाच्या गरजा पाहणारे परिचारिका, समाजसेवक व मानसोपचारतज्ज्ञ असतात. जवळचे रुग्णालय निवडले तरी या दुसऱ्या गटाचा आधार मिळेल का, हे मुलाला विचारायला सांगा. मित्र, खोली आणि कॉलेज जवळ असण्यालाही त्याच्या लेखी मोल असू शकते, तेव्हा अंतिम निवड त्यालाच करू द्या.

डॉक्टर तुमच्याशी बोलत नाहीत, कारण तो सज्ञान आहे. त्याने लेखी परवानगी दिली की ते बोलतील. तुमच्यापैकी एकाने पहिल्या आवर्तनाच्या वेळी तिथे जावे. अभ्यासक्रम स्थगित केल्यास विद्यार्थी व्हिसावर परिणाम होऊ शकतो, म्हणून विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाशी बोलल्याशिवाय त्याने कोणताही अर्ज करू नये. त्याला ब्लिओमायसिन मिळाले, तर पुढे कधीही शस्त्रक्रिया होताना भूलतज्ज्ञांना ते सांगावे लागेल, ही नोंद आत्ताच करून ठेवा. आणि केमोथेरपीपूर्वी वीर्य गोठवले आहे का, तेवढे विचारा.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा. गुडघ्याजवळच्या हाडाचा कर्करोग होता. पाय वाचवून कृत्रिम सांधा बसवला आहे. यंदा दहावी बुडेल का? कर्करोगाबद्दल दिव्यांग प्रमाणपत्र मिळते का? (वडील, नाशिक)

उत्तर : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत कर्करोग हा स्वतंत्र प्रकार नाही. मात्र पायाच्या हालचालीवर आलेली मर्यादा अस्थिव्यंगात मोजली जाते. ती ४० टक्के किंवा अधिक ठरली, तर प्रमाणपत्रावर परीक्षेतील सवलती आणि पुढे उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षणाचा लाभ मागता येतो. अर्ज शस्त्रक्रियेनंतर पाय स्थिरावल्यावर करावा. मार्चची परीक्षा जमली नाही तर मंडळाची पुरवणी परीक्षा आहे; मुख्याध्यापकांना आजाराचे पत्र आत्ताच द्या आणि वर्ग तळमजल्यावर मागा. मांडी घालणे, उकिडवे बसणे आणि खेळातल्या उड्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. दहावी एक वर्ष पुढे गेली तर काही बिघडत नाही. पण त्याला ती यंदाच द्यायची असेल, तर त्याला अडवू नका. पुस्तक उघडणे हा या वयात औषधाइतकाच मोठा आधार असतो.

प्रश्न : १३ व्या वर्षी मुंबईत माझ्यावर कर्करोगाचे उपचार झाले. आज मी २४ वर्षांचा असून पूर्ण बरा आहे. पाच वर्षांपासून तपासणीला गेलो नाही, कारण वडिलांना तो विषयच नको आहे. जाण्याची गरज आहे का? लग्न ठरवताना हे सांगावे का? (सांगली)

उत्तर : गरज आहे, आणि ती आजार परत येण्याच्या भीतीपोटी नाही. इतक्या वर्षांनी ती शक्यता फार कमी असते. पण वाढत्या वयात घेतलेली औषधे शरीरावर उशिरा परिणाम दाखवतात. डॉक्सोरुबिसिनच्या जातीच्या औषधांची एकूण मात्रा शरीराच्या प्रति चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम किंवा अधिक झाली असेल, तर हृदय पुढे दहा-वीस वर्षांनीही कमजोर होऊ शकते आणि सुरुवातीला काही जाणवत नाही. ठरावीक अंतराने इकोकार्डिओग्राम करूनच ते कळते. सिस्प्लॅटिनने कानावर व मूत्रपिंडावर, आयफॉस्फामाइडने मूत्रपिंडावर, मानेवरच्या किरणोपचाराने थायरॉइडवर परिणाम होतो. छातीवर किरणोपचार झालेल्या मुलींना स्तनाची तपासणी २५ व्या वर्षापासून किंवा किरणोपचारानंतर आठ वर्षांनी, यांतील जे नंतर येईल तेव्हापासून सुरू करावी लागते. तंबाखू तुमच्यासाठी इतरांहून जास्त घातक आहे, आणि व्यायामशाळेत जड वजने उचलण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्या.

टाटा स्मारक रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठीचा स्वतंत्र तपासणी विभाग १९९१ पासून चालू आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ मध्ये सुरू झालेला ‘उगम’ हा बालपणी कर्करोगातून बरे झालेल्या तरुणांचाच गट आहे. तिथे तुमच्या वयाची, नोकरी-संसार करणारी माणसे भेटतील. लग्नाबद्दल त्यांच्याशी बोलणे मला माझ्या सल्ल्यापेक्षा मोलाचे वाटते. माझे मत विचारलेत म्हणून सांगतो : सांगावे, पण मध्यस्थांना नव्हे, आणि पत्रिकेसोबतही नव्हे. दोन-तीन भेटींत त्या मुलीशी सूर जुळतो आहे असे वाटले, की तुम्ही स्वतः तिला सांगावे. त्याआधी वीर्यतपासणी करून घेतलीत, तर तिच्या प्रश्नाला तुमच्याकडे अंदाजाऐवजी रिपोर्ट असेल.

जुनी फाइल सापडत नसेल, तर जिथे उपचार झाले त्या रुग्णालयाच्या नोंदणी कक्षात केस क्रमांक सांगून उपचारांचा सारांश मागा. त्यात प्रत्येक औषधाची एकूण मात्रा, किरणोपचाराची जागा व मात्रा आणि शस्त्रक्रियेचा तपशील असायला हवा. क्रमांक आठवत नसेल, तर त्या काळातील एखादी जुनी पावती किंवा रेल्वे सवलतीचा दाखला आईच्या कपाटात नक्की शोधा. आया असे कागद सहसा फेकत नाहीत.